साइजप्रमाणे

दादर पश्चिमेला आम्ही ज्या मालवणी हॉटेलात जातो, तिथल्या मेनूकार्डावर पापलेटच्या पुढे किंमत नाही. तिथे 'साइजप्रमाणे' एवढा एकच शब्द आहे. चिंबोरीच्या पुढे तोच, शेवंडीच्या पुढे तोच. कार्ड लॅमिनेट केलेलं आहे, पण सुरमई थाळीच्या किमतीवर पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, आणि तिच्यावरून बोट फिरवलं तर खाली आणखी एक-दोन पट्ट्या असाव्यात असं लागतं.

हॉटेल म्हणायचं ते सवयीने. आठ टेबलं, त्यातली दोन भिंतीला खेटून. बाहेर फुटपाथवर स्टुलावर एक वही. तिच्यात नाव लिहायचं आणि आपलं नाव पुकारेपर्यंत शेजारच्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं. आत गेल्यावर चौघांच्या टेबलावर दोघे असाल तर समोर अनोळखी दोघे येऊन बसणार. त्यांच्या सोलकढीचा पेला आणि तुमचा पेला यात वीतभर अंतर. जेवण संपलं की कुणी 'आणखी काही?' विचारत नाही, थेट बडीशेपेची वाटी येते. बाहेर वही वाट बघत असते.

आणि बिल? सुरमई थाळी 650. बांगडा थाळी 380. बोंबील फ्राय 420. मध्यम पापलेट गेल्या खेपेला 1100 सांगितलं होतं. ऑफिसातले चौघे मिळून गेलो तेव्हा साडेतीन हजारांच्या आसपास बिल झालं. बाहेर पडल्यावर एक सहकारी म्हणाला, "एवढ्यात लोअर परळला मस्त एसीत बसलो असतो. इथे नॅपकिनसुद्धा मागून घ्यावा लागला. हे पैसे नक्की कशाचे घेतात?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मालवणी मी एकटाच असल्यामुळे उत्तर मी द्यावं अशी अपेक्षा होती. मी तेव्हा काही बोललो नाही, पण प्रश्न चांगला होता. नक्की कशाचे घेतात?

भाव हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनियर; आमची टीम प्रवासाच्या तिकिटांचे भाव सतत बदलत ठेवणारी यंत्रणा सांभाळते. त्यामुळे भाव आतून कसा दिसतो हे मला माहीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी एखादी सीट महाग होते तेव्हा त्या सीटमध्ये काहीही बदललेलं नसतं. तीच गादी, तीच खिडकी, तेवढंच डिझेल. बदललेली असते ती घेणाऱ्याची निकड, आणि ती आम्हांला कळलेली असते. यात बेकायदा काही नाही, आणि मी ते काम मन लावून करतो. पण दिवसभर असे भाव बघितलेल्या माणसाला 'साइजप्रमाणे' हा शब्द वाचून बरं वाटतं. तिथे भाव वाढतो तेव्हा समोर काहीतरी वेगळं ठेवलेलं असतं.

पापलेटचंच बघा. दोनशे ग्रॅमची दोन पापलेटं आणि चारशे ग्रॅमचं एक, वजन सारखं, भाव अजिबात सारखा नाही. मोठ्या पापलेटचा किलोचा दर लहानापेक्षा कितीतरी वर असतो. मोठा नग बाजारात कमी येतो आणि त्याला निर्यातीचं गिऱ्हाईक असतं. शिवाय मोठं पापलेट म्हणजे बरीच जाळी चुकवून वाढलेला मासा. मोठं होण्याआधीच धरली गेलेली पापलेटं बाजारात ढिगाने दिसतात, तळहातात मावणारी, वाट्यावर विकली जाणारी. ती आज स्वस्त मिळतात ती उद्याच्या मोठ्या पापलेटच्या खात्यातून. 2023 साली राज्य सरकारने पापलेटला, म्हणजे सरंग्याला, राज्यमाशाचा दर्जा दिला. त्याच सुमाराला 54 प्रजातींसाठी किमान आकारही ठरवून दिले, त्याहून लहान मासा धरू नये म्हणून. म्हणजे साइज हा शब्द मेनूकार्डावरून सरकारी कागदावर पोचला.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी कुठल्या राज्याच्या किनाऱ्यावर किती मासळी उतरली याचा अंदाज काढते. 2019 साली महाराष्ट्राचा आकडा सुमारे 2 लाख टन होता, 45 वर्षांतला सर्वांत कमी. आदल्या वर्षी तो तीन लाखांच्या जवळ होता. त्या वर्षी क्यार आणि महा ही दोन वादळं ऐन हंगामात अरबी समुद्रात आली आणि होड्या बंदरात बसून राहिल्या, हे एक कारण. नंतर आकडे वरखाली होत राहिले. पण वहीत नाव लिहून पायरीवर उभे राहणारे आपण मात्र दर वर्षी वाढतोच आहोत.

बोंबील हा त्यातल्या त्यात गरिबांचा मासा मानला जायचा. त्याच्या शरीरात दहातले नऊ भाग पाणीच असतं. म्हणून तळण्याआधी त्याला उभा चिरून, काटा काढून, दोन फळ्यांमध्ये वजनाखाली दाबून ठेवतात. नाहीतर तव्यावर त्याचं पिठलं होतं. कुरकुरीत बोंबलाची ती पातळ पट्टी म्हणजे बऱ्याच मोठ्या बोंबलाचं शिल्लक राहिलेलं रूप. 420 रुपयांना सहा पट्ट्या येतात, त्या खाऊन पोट भरत नाही, आणि लोक म्हणतात, बघा, लुटतात.

माझे बाबा हे वाक्य जास्त जोरात म्हणायचे. तेही हॉटेलात न जाता.

बाबा मालवणजवळच्या एका खेड्यातले. आम्ही गाबित नव्हे, घर किनाऱ्यापासून थोडं आत, भाताची थोडी जमीन. पण मासे विकत घ्यायचे असतात हे बाबांना शाळा संपेपर्यंत फारसं माहीत नव्हतं. गावात रापण लागायची. होडीतून जाळं अर्धगोलात टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि मग वाळूत उभी असलेली दोन रांगांतली माणसं ते दोर ओढत ओढत जाळं जमिनीकडे आणतात. तीस-चाळीस माणसं सहज लागतात. मासे आले की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. शाळेला जाताना वाकडी वाट करून दोराला हात लावणाऱ्या पोरांनाही मूठ-दोन मूठ तारल्या नाहीतर पेडवे मिळायचे. बाबा ते गवती काडीत ओवून घरी टाकायचे आणि मग शाळेत जायचे. हाताला वास यायचा म्हणून मास्तर शेवटच्या बाकावर बसवायचे, हे ते अजून अभिमानाने सांगतात.

मग मुंबई, एका बँकेत कारकुनी, डोंबिवलीला दोन खोल्या. इथे मासे विकत घ्यावे लागत, आणि ते बाबांनी स्वीकारलं. पण शिजलेला मासा विकत घेणं त्यांना कधीच पटलं नाही. इसवण ते इसवणच म्हणतात, सुरमई हा शब्द त्यांच्या मते हॉटेलवाल्यांचा आहे. "इसवणीक सहाशे पन्नास? ताटासकट घरी देतत काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला त्यांना तिथे न्यायचं होतं, आणि त्यात थोडा माझा हिशेब होता. माझ्या पहिल्याच वर्षीचा पगार बाबांच्या निवृत्तीच्या वेळच्या पगारापेक्षा जास्त होता. याबद्दल घरात कधी कुणी बोललेलं नाही. बाबा मला माझा पगार विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. पण त्या पैशांचं काहीतरी त्यांच्या ताटात पडावं असं वाटायचं, आणि टीव्ही, फ्रिज, गावच्या घराचं छप्पर हे सगळं करून झालं होतं. आई तर केव्हाची तयार होती. शेवटी गेल्या डिसेंबरात आईच्या वाढदिवसाला बाबा 'तुझ्यासाठी येतंय' असं तिला सांगून आले.

पायरीवर चाळीस मिनिटं उभे होते, काही बोलले नाहीत. आत बसल्यावर कार्ड उजवीकडून डावीकडे वाचलं, म्हणजे आधी किंमत आणि मग पदार्थ. आणि म्हणाले, "माका बांगडो पुरे." मी पापलेट मागवतो म्हणालो तर "कशाक?" एवढंच. मी सुरमई थाळी मागवली, आईने तिला हवं ते मागवलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

पाणी ठेवायला आलेल्या मुलाला बाबांनी विचारलं, "खयचो रे तू?" त्यांना कणकवली, देवगड, निदान राजापूर असं काहीतरी ऐकायचं होतं. मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "ओडिशा. बालासोर." बाबांचा चेहरा पडलेला मी पाहिला. मालवणी हॉटेलात मालवणी न समजणारा पोरगा. पण बालासोर समुद्रावर आहे एवढा भूगोल त्यांना येत होता. घरी कोण काय करतं, असं त्यांनी त्यांच्या हिंदीत विचारलं. वडील होडीवर, म्हणाला. आणि मग जेवणभर, दर खेपेला तो काही ठेवायला आला की एक प्रश्न हे विचारायचे, एक उत्तर तो द्यायचा. तिथे जाळी कसली, बर्फ कुठून, लिलाव किती वाजता. त्यांच्याकडे मासेमारीची बंदी 15 एप्रिलला सुरू होते आणि 14 जूनपर्यंत असते. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै. म्हणजे इकडच्या होड्या वर ओढल्या की पंधरा दिवसांत तिकडच्या पाण्यात उतरतात. जून-जुलैत मुंबईत जे ताजं पापलेट म्हणून मिळतं त्यातलं काही तिकडूनच बर्फात बसून आलेलं असतं. "हमारे उधर का पापलेट भी इधर आता है," तो म्हणाला, "मेरे जैसा." बाबा हसले. माझ्या आठवणीत हॉटेलात बसून बाबा पहिल्यांदा हसले असतील.

रापणीबद्दल त्याला सांगायला गेले तर शब्द सापडेनात. मग त्यांनी दोन्ही हातांनी दोर ओढून दाखवला. समोर बसलेल्या अनोळखी जोडप्याने आपले पेले जरा मागे घेतले. मुलगा म्हणाला, आमच्याकडेही असंच असतं, पण आता कमी. बाबा म्हणाले, आमच्याकडे पण कमी. रापण किनाऱ्याजवळ आलेल्या थव्यावर चालते. थवा बाहेरच मोठ्या पर्ससीन जाळ्यात गेला तर वाळूत उभं राहून दोर ओढणाऱ्यांच्या हाती काय लागणार? याच भांडणातून मालवणच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, आणि 2016 साली राज्य सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत घालून दिली. बाबांना हे सगळं गावच्या फोनांवरून माहीत होतं. पण जी माशांची टंचाई त्यांना गावाची गोष्ट वाटत होती, ती त्या दिवशी त्यांच्यासमोर ताटात होती, आणि तिच्या पुढे आकडा लिहिलेला होता.

बिल मी दिलं. बाबांनी ते मागून घेतलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

पुढच्या रविवारी त्यांनी बाजारातून एक अख्खी इसवण आणली. आमच्या घरी एवढा मोठा मासा अख्खा कधी येत नसे. आईच्या केकसाठी घेतलेला डिजिटल काटा त्यांनी ओट्यावर मांडला. मासा 2 किलो 100 ग्रॅम, भाव 1100, झाले 2310 रुपये. आईने तो साफ केला. डोकं, शेपूट, आतडी, कल्ले बाजूला. उरल्या तुकड्यांचं वजन भरलं 1 किलो 480 ग्रॅम. तुकड्या 13. म्हणजे एक तुकडी 178 रुपयांना पडली. बाबांनी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर रकाने आखले होते. थाळीत एक तुकडी तळलेली, एक कढीत, 356. हॉटेलवाला घाऊक घेतो, त्याला 900 ने पडत असेल, म्हणून पुन्हा केलं, तरी 290. मग 650 मधून 290 गेले, उरले 360. त्यात नारळ, कोकम, तांदूळ, वडे, तेल, गॅस, दादरचं भाडं, बालासोरच्या मुलाचा पगार, त्याची राहायची सोय, आणि शिळा झाला म्हणून फेकावा लागलेला मासा. श्रावणात ओस पडलेली टेबलं पण त्यातच. बंदी उठते 31 जुलैला, आणि ताजा मासा यायला लागतो त्याच सुमाराला निम्मी गिऱ्हाइकं श्रावण पाळायला लागतात, मग गणपती. हे लिहिताना बाबांना बँकेतले दिवस आठवत असावेत, त्यांचं अक्षर सुधारत गेलं.

शेवटी त्यांनी पेन बंद केलं. म्हणाले, "हॉटेलवालो लुटणा नाय."

एवढ्या वर्षांचं मत त्यांनी असं तीन शब्दांत मागे घेतलं. पण आवाजात समाधान नव्हतं. हॉटेलवाला लुटत असता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. मग दोष एका गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा असता, आणि मासा अजून आपला असता, स्वस्त, मुठीने मिळणारा, फक्त मधल्या कुणीतरी अडवलेला. हिशेब बरोबर निघाला म्हणजे ती शक्यता संपली. जो मासा दोराला हात लावला की मिळायचा, तो आता खरोखरच एवढ्याचा आहे. माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे ओट्यापाशी मिळालं. टेबलक्लॉथचे पैसे ते घेत नाहीत, कारण टेबलक्लॉथ नाहीच. मोठ्या हॉटेलात बिलातला बराचसा भाग खुर्ची, दिवे आणि शांतता यांचा असतो. इथे तो बहुतेक सगळा ताटात असतो. म्हणून ते ठिकाण इतकं साधं आहे आणि इतकं महाग आहे. या दोन गोष्टींत मला आता विसंगती दिसत नाही.

आई हात धूत होती. लिंबू लावून, मग साबण, मग परत लिंबू. तिने मागे न वळता विचारलं, "आणि ह्या साफ कोणी केल्यान? त्याचे किती लावलास?"

बाबांनी डायरी परत उघडली. रकाना नव्हता.

"साफ करूक अर्धो तास गेलो," आई म्हणाली. "ओटो धुवलंय, विळी धुवलंय, मोरी धुवलंय. परत राती वास येतलोच."

बाबांनी खाली 'साफसफाई' असं लिहिलं, पुढे रेघ मारली आणि आकडा काय घालावा म्हणून माझ्याकडे बघितलं. मी भावांच्या यंत्रणेवर काम करतो, मला माहीत असेल असं त्यांना वाटलं असावं. ती जागा अजून रिकामी आहे.

आता आम्ही तिघं दोन-तीन महिन्यांतून एकदा तिथे जातो. बाबा बांगडाच घेतात, पण हल्ली पापलेटचा आजचा भाव विचारतात, आणि तो ऐकून मान हलवतात, जसं कुणाच्या तब्येतीबद्दल ऐकावं. बालासोरचा मुलगा मध्ये गावी गेला होता, तो परत आलाय का हेही विचारतात.

आईने पहिल्या दिवशी काय मागवलं ते सांगायचं राहिलं होतं. तिने सुरमई मागवली नाही आणि पापलेटही नाही. सुरमई घरी करायला सोपी, ती म्हणते, विळीवर चार हात मारले की झालं. तिने मागवल्या तिसऱ्या. बाजारात तिसऱ्या आजही त्यातल्या त्यात स्वस्त मिळतात, वाट्यावर. पण त्या आधी पाण्यात ठेवून वाळू काढायची, मग एकेक विळीवर धरून उघडायची, एक शिंप टाकायची, एक ठेवायची, ठेवलेल्या शिंपीत मांस नखाएवढं. दोन वाट्यांना दीड तास, आणि बोटं कापतात ती वेगळी. हॉटेलात तिसऱ्यांचं सुकं 390 ला मिळतं. माझ्या सहकाऱ्यांना कार्डावरची ही सगळ्यांत वाईट लूट वाटते, शिंपल्यांचे कसले एवढे पैसे म्हणून.

आईला हा कार्डावरचा सगळ्यांत स्वस्त पदार्थ वाटतो. ती दर वेळी तोच मागवते.